शेजारी कोण उभं होतं? निवासी डॉक्टरांचं प्रशिक्षण तपासताना

मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयात मी बालरोग विभागात शिकवते. गेल्या वर्षी आमच्या डीन सरांनी एक समिती नेमली. प्रत्येक विभागाचा पदव्युत्तर प्रशिक्षणाचा कार्यक्रम आळीपाळीने तपासायचा, उणिवा शोधायच्या, सुधारणा सुचवायच्या आणि त्या झाल्या की नाहीत हेही पाहायचं, असं तिचं काम. पहिला विभाग निवडला गेला मेडिसिन. पावसाळा तोंडावर होता, पहिल्या वर्षाच्या मुलांचे आजारपणाच्या रजेचे अर्ज वाढले होते, आणि निवासी डॉक्टरांचं एक निवेदन डीनच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

तपासणी आम्हा शिक्षकांना नवी नाही. शिक्षक किती, खाटा किती, ओपीडी किती, ग्रंथालय कसं, उपकरणं चालू आहेत का, हे वर्षानुवर्षं तपासलं जातं आणि ते तपासलं जायलाच हवं. शिक्षकच नसतील तर शिकवणार कोण? पण तीन वर्षं वॉर्डात राबून बाहेर पडणारी मुलगी चांगली फिजिशियन झाली का, आणि झाली असेल तर ती आमच्यामुळे झाली की आमच्याशिवाय, हे त्या तक्त्यांतून कळत नाही. आम्हाला तेच शोधायचं होतं.

समितीच्या अध्यक्ष भूलशास्त्राच्या प्रमुख. त्यांच्याबरोबर सर्जरीचे एक प्राध्यापक, पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) एक सहयोगी प्राध्यापक, मी, मेट्रन आणि दोन निवासी डॉक्टर. मेडिसिनचं कुणीही नाही. निवासी डॉक्टरांना समितीत घेण्यावर थोडी कुजबुज झाली. 'मुलं मोठ्यांचं काय तपासणार?' अध्यक्ष मॅडमनी सांगितलं, की अमेरिकेत एसीजीएमई ही संस्था प्रत्येक रेसिडेन्सी कार्यक्रमाला अशी मूल्यमापन समिती ठेवायला लावते आणि त्या समितीत किमान एक निवासी डॉक्टर असावाच लागतो. तिथे आणखी एक गोष्ट पाळतात, जी आम्ही उचलली. निवासी डॉक्टरची प्रगती पाहणारी समिती वेगळी आणि कार्यक्रम पाहणारी समिती वेगळी. कारण या दोन गोष्टी एकत्र आल्या की बोट चटकन मुलांकडे वळतं. अमका कच्चा, तमकी आळशी, हल्लीच्या मुलांना सगळं आयतं हवं. पहिल्याच बैठकीत तसं झालंही. मॅडमनी तिथेच थांबवलं. 'आपण मुलांची परीक्षा घ्यायला बसलेलो नाही. कच्चा राहिलेला मुलगा तीन वर्षं कुणाच्या नजरेत कसा आला नाही, हा आपला प्रश्न.' ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

सुरुवात कागदांपासून झाली. सिनॉप्सिसच्या (थिसिसच्या आराखड्याच्या) तारखा, थिसिसची स्थिती, जर्नल क्लबच्या नोंदी, गेल्या काही वर्षांचे निकाल, सगळं पाहिलं. त्यात फार काही हाती लागलं नाही. निकाल चांगले होते.

लॉगबुकांनी मात्र थांबवलं. निवासी डॉक्टरने काय पाहिलं, कशात मदत केली, काय देखरेखीखाली केलं आणि काय स्वतंत्रपणे केलं याची ही नोंदवही. प्रत्येक नोंदीपुढे शिक्षकाची सही हवी. एका वहीत कित्येक महिन्यांच्या सह्या एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या हाताने केलेल्या होत्या. पहिल्या पानावर पूर्ण नाव, दहाव्या पानावर आद्याक्षरं, शेवटी नुसती रेघ. सही करणाऱ्या सरांना मी ओळखते. उत्तम शिक्षक आहेत. दिवसभर ओपीडी करून संध्याकाळी समोर वह्यांचा ढीग आला की माणूस काय करणार?

त्याहून जास्त खटकलं ते नोंदींच्या क्रमात. पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या वहीत लंबर पंक्चरची, म्हणजे मणक्यातून सुईने पाणी काढण्याची, पहिलीच नोंद 'स्वतंत्रपणे केलं' अशी. त्याआधी 'पाहिलं' नाही, 'मदत केली' नाही, 'देखरेखीखाली' तर नाहीच. सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत नळी घालणं) तसंच, प्ल्यूरल टॅपचंही (फुप्फुसाभोवतीचं पाणी काढणं) तसंच. दुसरी वही उघडली, तिसरी उघडली, क्रम तोच. आधी वाटलं, मुलं घाईत चुकीचा रकाना भरतात. निवासी डॉक्टर सदस्यांपैकी ऑर्थोपेडिक्सची थर्ड इयरची मुलगी म्हणाली, 'नाही मॅडम, बरोबर भरलंय. सर-मॅडमपैकी कुणी नव्हतं म्हणजे स्वतंत्रपणेच झालं ना.'

म्हणजे आयुष्यातली पहिली सुई एखाद्याच्या मणक्यात जात होती तेव्हा शेजारी कोण उभं होतं? पुढचे कित्येक महिने समिती याच एका प्रश्नाभोवती फिरली.

मुलांचं मत घेण्यासाठी पीएसएमच्या सरांनी 'फीम' ही प्रश्नावली सुचवली. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास तयार झालेली, ४० प्रश्नांची, एकूण गुण १६०. कामात मिळणारी मोकळीक, शिकवणं आणि माणसांचा आधार, असे तिचे तीन भाग. शिकण्यासाठी राखून ठेवलेला वेळ मिळतो का, सीनियर नियमितपणे अभिप्राय देतात का, गरज नसताना बोलावलं जातं का, चूक झाली तर दोष देण्याऐवजी समजून घेतलं जातं का, असं सगळं त्यात आहे. वंशभेदाबद्दलचा जो प्रश्न आहे तो आम्ही जात, प्रांत आणि भाषा असा करून घेतला. २०१९ मध्ये याच शहरात एका तरुण निवासी डॉक्टरने जीव दिला आणि जातीवरून छळ झाल्याचे आरोप झाले. त्यानंतर हा प्रश्न न विचारता कुठल्याही विभागाचं प्रशिक्षण तपासलं असं म्हणता येणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

खरी अडचण प्रश्नांची नव्हती, निनावीपणाची होती. ऑनलाइन फॉर्मवर मुलांचा विश्वास नव्हता. ईमेल मागितला की संपलं. हाताने लिहिलं तर अक्षर ओळखू येतं. शेवटी छापील कागद, फक्त गोल करायचे, आणि ग्रंथालयात कुलूप लावलेली पेटी. वर्ष विचारायचं नाही, लिंग विचारायचं नाही, युनिट तर मुळीच विचारायचं नाही. एका युनिटमध्ये एका वर्षाची दोन-तीनच मुलं असतात. 'दुसऱ्या वर्षाची मुलगी, अमुक युनिट' एवढं कळलं की नाव लिहिल्यासारखंच. विश्लेषण थोडं ढोबळ झालं, पण मुलांनी पेटी भरली. ज्यांना अशी समिती चालवायची आहे त्यांनी इथे घाई करू नये. इथे एकदा विश्वास गेला की पुढचं सगळं काम वरवरचं होतं.

उत्तरांत दोन टोकं दिसली. 'इथे भरपूर पेशंट पाहायला मिळतात, आत्मविश्वास येतो' याला भरभरून गुण. मुंबईत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), क्षय, हृदयविकार, विषबाधा सगळं एकाच रात्री एकाच वॉर्डात येतं, आणि मुलं देशभरातून इथे यायला धडपडतात ती त्यासाठीच. दुसरं टोक म्हणजे अभिप्राय आणि राखीव वेळ. तिथे गुण तळाला.

त्यानंतर मुलांशी प्रत्यक्ष बोलायचं ठरलं. प्रमुखांच्या केबिनमध्ये नाही, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. पहिलं वर्ष वेगळं, दुसरं वेगळं, तिसरं वेगळं. पहिल्या वर्षाची मुलं आली ती रांगेत बसली, हात मांडीवर. मॅडमनी विचारलं, 'काही अडचणी आहेत का?' उत्तर आलं, 'नाही मॅडम, सगळं छान आहे.' पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तेव्हा आमची ऑर्थोची मुलगी एकाला म्हणाली, 'अडचण राहू दे. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, तेवढंच सांग.'

तो बोलू लागला. सहाला वॉर्डात. कलेक्शन. अख्ख्या युनिटच्या पेशंटचं रक्त काढायचं, रक्ताच्या बल्बवर (छोट्या बाटल्यांवर) नावं लिहायची, फॉर्म भरायचे, लॅबला पोहोचवायचे. साडेआठला राऊंड. राऊंडला सांगितलेली कामं लिहून घ्यायची. मग सीटीची तारीख घ्यायला रेडिओलॉजीत, तिथे सही हवी म्हणून परत, मग पुन्हा तिथे. एका पेशंटला सोनोग्राफीला न्यायचं होतं, वॉर्डबॉय मामा दुसऱ्या ट्रॉलीवर गेलेले, म्हणून नातेवाईकाबरोबर ट्रॉली स्वतः ढकलत नेली. ब्लड बँक. कालचे रिपोर्ट शोधणं. तीनच्या सुमाराला कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या वडापाव. डिस्चार्ज कार्डं. संध्याकाळचा राऊंड. रात्री कॉल. ऐकणारी बाकीची मुलं मधूनमधून माना डोलावत होती, मग एकेकाने स्वतःचं जोडायला सुरुवात केली. खोली बोलती झाली.

मी त्याला विचारलं, 'यात शिकलास काय?' तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, 'राऊंडला सरांनी एका पेशंटची मान वळवून जेव्हीपी, म्हणजे मानेच्या शिरेतला दाब, दाखवली. स्वतः वाकून, टॉर्च धरून. दोन मिनिटं. ते पक्कं लक्षात आहे.'

ही दोन मिनिटं मला सगळ्या प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगून गेली. त्या सरांना शिकवता येतं, त्या मुलाला शिकायचंय, पेशंट समोर आहे. काहीच कमी नाही. फक्त त्या दिवसात तशी दुसरी दोन मिनिटं नव्हती.

याच गटात भाषेचा विषय निघाला. केरळ, राजस्थान, तेलंगणातून आलेल्या मुलांना हिंदीवर भागवता येतं, पण रत्नागिरीहून किंवा जालन्याहून आलेली आजी 'छातीत भरून आल्यागत होतंय' किंवा 'पोटात कालवतंय' म्हणते तेव्हा मुलं गोंधळतात आणि वॉर्डातल्या मावशींना हाक मारतात. मावशींनी सांगितलं तेच केस पेपरवर जातं. पेशंटची हकिगत (हिस्टरी) घेणं हा आमच्या शास्त्राचा पाया, आणि तोच असा दुसऱ्याच्या तोंडून लिहिला जातोय, हे कुठल्याच तपासणीच्या फॉर्मवर यापूर्वी आलेलं नव्हतं.

मग पहिल्या वर्षाच्या मुलांना आठवडाभराची वेळेची डायरी दिली. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. पेशंटजवळ, कागद आणि कॉम्प्युटर, ने-आण, शिकणं, जेवण, झोप, यापैकी एक अक्षर लिहायचं. ने-आणीचे चौकोन डोळ्यांत भरण्याइतके होते. शिकण्याचे शोधावे लागत होते.

रात्रीची फेरी मात्र मी कधी विसरणार नाही. जुलैतला जोरदार पाऊस, सखल भागांत पाणी तुंबलेलं, त्यानंतरच्या दिवसांतला एका युनिटचा इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे पेशंट घेण्याचा दिवस. वॉर्ड भरलेला, खाटांच्या मध्ये फ्लोअर बेड. मुंबईत अशा पावसानंतर आठवडा-दोन आठवड्यांत लेप्टोचे पेशंट येऊ लागतात. गुडघाभर पाण्यातून कामावर चालत गेलेला, पायाला जखम असलेला एक तरुण आला होता. ताप, डोळे पिवळे, लघवी कमी, श्वास जोराचा, बीपी खाली. प्लेटलेट कमी असल्याने सेंट्रल लाइन टाकणं जोखमीचं, आणि औषधं चालू ठेवायची तर टाकणं भाग.

हात धुऊन ग्लोव्हज घातले ते पहिल्या वर्षाच्या मुलीने. शेजारी उभी होती दुसऱ्या वर्षाची. लेक्चरर एमआयसीयूत (मेडिसिनच्या अतिदक्षता विभागात) दुसऱ्या पेशंटवर अडकलेले, फोनवर. सोनोग्राफीचं छोटं मशिन शेजारच्या वॉर्डात कपाटात होतं, किल्ली सापडेपर्यंत सिस्टर दोनदा जिना चढल्या. मशिन आलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने प्रोब धरला, शीर दाखवली, कॅरोटिड धमनी दाखवली, दाबून दोन्हींतला फरक दाखवला. 'ही दबते, ही दबत नाही. दबते ती आपली.' सुई आत गेली, रक्त आलं, वायर सरकू लागली. 'वायर सोडू नकोस. काहीही झालं, कुणीही हाक मारली, तरी वायर हातात.' लाइन बसली. पहिल्या वर्षाच्या मुलीचा गाऊन पाठीवर घामाने चिकटला होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की ड्रेप (निर्जंतुक कापड) लावताना एकदा हात खाली गेला होता, पुढच्या वेळी लक्ष ठेव. सांगताना स्वर इतका साधा होता, की ऐकणारीचा चेहरा पडला नाही.

आमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मिळालं. शेजारी दुसऱ्या वर्षाची मुलगी उभी असते. रात्रीच्या रुग्णालयाची खरी शिक्षक ती. आणि तिला शिकवायचं कसं, हे कुणीही कधी शिकवलेलं नाही. तिच्या वहीत त्या रात्रीची नोंद करायला रकानासुद्धा नाही. ती चांगली निघाली हे त्या पहिल्या वर्षाच्या मुलीचं आणि त्या पेशंटचं नशीब. दुसऱ्या एखाद्या रात्री तिथे चिडका, दमलेला, स्वतःच अर्धवट शिकलेला कुणी असेल, तर तोच शिक्षक. प्रशिक्षणाचा इतका मोठा भाग आम्ही नशिबावर सोडला होता.

सिस्टर इन चार्जना आम्ही बोलावलं तेव्हा त्यांनी समितीतल्या कुणालाच न दिसलेली गोष्ट दाखवली. 'मॅडम, आमचं ओव्हर (पाळी बदलताना पेशंट सोपवणं) दिवसातून तीनदा होतं, प्रत्येक खाटेजवळ उभं राहून. डॉक्टरांचं ओव्हर फोनवर होतं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. सकाळी नवीन डॉक्टर मला विचारतात, सिस्टर, या पेशंटचं काय ठरलं होतं?' या बाईंनी वॉर्डात किती बॅचेस पाहिल्या असतील! अशी समिती नेमली तर पहिल्याच आठवड्यात सिस्टरांशी बोलावं, आम्ही केलं त्यापेक्षा लवकर, असं मी आता प्रत्येकाला सांगते. ओव्हरबद्दल जगभर बराच अभ्यास झालाय. 'आय-पास' नावाच्या ठरावीक पद्धतीचा नऊ रुग्णालयांतला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या होत्या. पद्धत अवघड नाही. पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिगत, करायची कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने समजलेलं परत बोलून दाखवायचं.

शिक्षकांबरोबरची बैठक जड गेली. एक ज्येष्ठ सर म्हणाले, 'आम्ही दोन-दोन दिवस न झोपता काम केलं, म्हणून हात तयार झाला.' मी त्यांचा आदर करते, त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज महाराष्ट्रभर आहेत. पण त्यांचा हात जागरणाने तयार झाला नाही. त्यांच्या काळी लेक्चरर रात्री वॉर्डात असत आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगत. जागरण आम्ही जपून ठेवलं आणि शेजारी उभं राहणारं माणूस हरवून बसलो.

तरुण लेक्चररांचं म्हणणं ऐकलं तर चित्र पुरं होतं. एक जण म्हणाली, 'मॅडम, ओपीडीत एका पेशंटला मी काही मिनिटंही देऊ शकत नाही. रिक्त जागा भरलेल्या नाहीत. कोर्टाची साक्ष, अहवाल, औषधांच्या मागण्या, विद्यापीठाची कामं सगळं आमच्याकडे. शिकवायला मला आवडतं, त्यासाठीच मी इथे राहिले. कधी शिकवू?' खासगीत दुप्पट-तिप्पट पगार सोडून इथे राहिलेली ही माणसं. त्यांच्याकडे बोट दाखवणारा अहवाल लिहायचा नाही, हे त्याच दिवशी ठरलं.

कामाच्या तासांचा मुद्दा आला तेव्हा नियम काढून वाचले. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावं, असं म्हटलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत वाजवी तास, विश्रांतीला वाजवी वेळ, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा आहे. आयोगानेच नेमलेल्या मानसिक आरोग्याच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि रोज सात-आठ तासांची झोप सुचवली. अमेरिकेत २००३ पासून ८० तासांची मर्यादा आहे. आमच्या नियमांत 'कामाची निकड असल्यास' अशी पुस्ती असते, आणि मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात निकड रोजचीच. त्यामुळे अहवालात आम्ही तासांची नुसती मागणी केली नाही. कुठली कामं डॉक्टरच्या डोक्यावरून काढली तर तास कमी होतील, ते डायरीच्या आधारे लिहिलं.

अहवाल आधी विभागप्रमुखांना दिला, डीनना नंतर. हा मॅडमचा आग्रह. 'ज्याचं घर, त्याला आधी सांगायचं.' प्रमुखांनी तो वाचला, दोन ठिकाणी तपशील दुरुस्त केला आणि एकच मागणी केली, की रिक्त जागांचा मुद्दा सगळ्यात वर घ्या. तो खरा होता, आम्ही घेतला. त्यानंतर त्यांची आमच्याकडे बघण्याची नजर बदलली, आणि पुढची अंमलबजावणी त्यांनीच पुढाकार घेऊन केली. समितीने केली असती तर ती टिकली नसती.

सकाळच्या कलेक्शनसाठी तंत्रज्ञांची पाळी लवकर सुरू झाली. सगळ्या वॉर्डांत नाही, पण मेडिसिनच्या वॉर्डांत झाली. पहिल्या वर्षाच्या मुलांना सकाळचा जो वेळ मिळाला त्यात ती पेशंट तपासून राऊंडला येऊ लागली. राऊंडचा दर्जा लगेच बदलला, कारण आता सरांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर होतं. सीटीच्या तारखा फोनवर मिळाव्यात यासाठी रेडिओलॉजीशी बोलणं झालं. ते काही आठवडे चाललं, मग ढेपाळलं, पुन्हा बोलावं लागलं.

मुख्य बदल प्रोसिजरचा. लंबर पंक्चर, सेंट्रल लाइन, प्ल्यूरल टॅप यांच्या पहिल्या काही वेळा देखरेखीखालीच करायच्या, आणि देखरेख करणाऱ्याने तिथेच, त्याच रात्री, एका छोट्या कार्डावर दोन ओळी लिहायच्या. काय चांगलं झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्याआधी पुतळ्यावर आणि एकमेकांसमोर शिकवण्याचा सराव दिला, आणि त्यांच्या लॉगबुकात 'शिकवलं' असा रकाना घातला. मला या सगळ्यात सर्वांत जास्त समाधान देणारी गोष्ट हा रकाना आहे. सोनोग्राफीच्या मशिनची किल्ली आता सिस्टरांच्या टेबलाच्या खणात असते.

शिक्षकांसाठी 'मिनी-सीईएक्स' ही पद्धत सुरू केली. मुलगा खऱ्या पेशंटशी बोलतो, तपासतो, शिक्षक पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघतो, मग पाच-दहा मिनिटं बोलतो. पहिल्यांदा बरेच जण बघता बघता मध्ये पडायचे आणि स्वतःच तपासायला लागायचे. गप्प राहून बघणं शिक्षकांनाही शिकावं लागलं. एका मॅडमनी मला सांगितलं, की दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा स्टेथोस्कोप नेहमी शर्टावरूनच लावतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याला पोटतिडकीने सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, कारण त्याला तपासताना कुणी पाहिलंच नव्हतं.

मराठीचा वर्ग आठवड्यातून एकदा, वॉर्डातच. एक निवृत्त सिस्टर शिकवतात. व्याकरण नाही, फक्त पेशंट बोलतात ते. बाहेरून आलेली मुलं सगळ्यात उत्साहाने येतात ती याच वर्गाला.

राखीव तासाचं मात्र जमलेलं नाही. दुपारचा एक तास वर्गासाठी ठेवला, त्या वेळेत वॉर्ड दुसऱ्या युनिटने सांभाळायचा असं ठरलं. पावसाळ्यात ते कोलमडलं. हिवाळ्यात पुन्हा उभं केलं. आठवड्याची सुट्टी तिसऱ्या वर्षाला मिळते, दुसऱ्याला बहुतेकदा, पहिल्याला कधी मिळते कधी नाही. आढाव्याच्या बैठकीत पहिल्या वर्षाच्या प्रतिनिधीने हे सगळ्यांसमोर, प्रमुखांच्या देखत सांगितलं. वर्षापूर्वी ग्रंथालयात 'सगळं छान आहे' म्हणणारी बॅच आठवली. प्रमुखांनी वहीत लिहून घेतलं आणि त्या महिन्याची ड्यूटी यादी बदलली.

वर्षभराने आम्ही लॉगबुकं पुन्हा मागवली. नव्या पहिल्या वर्षाच्या बहुतेक वह्यांत आता पहिली नोंद 'पाहिलं' अशी आहे, मग 'मदत केली', मग 'देखरेखीखाली', आणि खाली वेगवेगळ्या पेनांच्या सह्या. काही वह्यांत अजून उडी आहे. ती कुठल्या रात्रींची, हे पाहिलं तर इमर्जन्सीच्या, आणि ज्या रात्री लेक्चररची जागा रिकामी होती त्या. रात्री वॉर्डात प्रत्यक्ष हजर राहणाऱ्या लेक्चररांच्या जादा जागांचा प्रस्ताव प्रशासनाकडे गेलाय. डायरीची पानं, कार्डं आणि या नोंदी त्याला जोडल्या आहेत. समिती आता सर्जरीकडे वळली आहे, पण मेडिसिनच्या या फाइलचा पाठपुरावा माझ्याकडे दिलाय, आणि प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत तो पहिला विषय म्हणून लिहिला जातो.